पत्ता एक, घरे अनेक

पाकिटावर नाव लिहिले, इमारत लिहिली, रस्ता लिहिला, गाव लिहिले, तरी शेवटचे सहा आकडे लिहीपर्यंत आपल्या मनाला स्वस्थता नसते. हे सहा आकडे म्हणजे पिनकोड. ते ज्या गृहस्थांनी आपल्याला दिले ते संस्कृतचे कवी होते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्यांचे नाव. केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव होते. देशात एकाच नावाची गावे कितीतरी, पत्ता लिहिणारा आपापल्या भाषेत आणि आपापल्या लिपीत लिहिणार, अक्षर पुन्हा ज्याचे त्याचे! टपाल वेगळे करणाऱ्या कारकुनाने वाचावे तरी काय काय? ह्या गोंधळावर वेलणकरांनी तोडगा काढला, आणि स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी दिवशी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, तो अमलात आला.

योगायोग पाहा. त्याच्या अवघे तेरा दिवस आधी, २ ऑगस्ट १९७२ रोजी, अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांसाठी 'आभासी स्मृती' जाहीर केली, आणि तिच्याच जोडीने एका संगणकाच्या पोटात अनेक संगणक नांदवणारी 'व्हीएम/३७०' नावाची व्यवस्थाही जाहीर केली. एका घटनेचा दुसरीशी काही संबंध नाही. पण दोन्हींच्या मुळाशी असलेला प्रश्न एकाच जातीचा आहे. माणूस लिहितो तो पत्ता, आणि वस्तू जेथे खरोखर असते ते ठिकाण, ह्या दोहोंची सांगड कोणी घालावयाची? आणि ती घालणाऱ्यावर विश्वास किती टाकावयाचा?

संगणकाच्या भाषेत ह्या सांगडीला 'अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन' म्हणतात. म्हणजे पत्त्याचे भाषांतर. भाषांतर हा शब्द कानावर पडला की मराठीचा प्राध्यापक कान टवकारणारच! कवितेचे भाषांतर चुकले तर फार तर समीक्षक रागावतात. हे भाषांतर चुकले तर एकाचे बँकेतले खाते दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे उघडे पडू शकते. फराळाच्या ताटात हा थोडा कडक लाडू वाढण्याचे कारण एवढेच.

चारशे एक, एकशे पाच

मी राहतो त्या भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कचा पिनकोड आहे ४०११०५. पहिला ४ हा आकडा देशाच्या पश्चिमेकडचा विभाग सांगतो. भूगोलाप्रमाणे असे आठ विभाग आहेत, नववा सैन्याच्या टपालाचा. पहिले दोन आकडे मिळून उपविभाग, पहिले तीन मिळून टपाल वेगळे करण्याचा जिल्हा, आणि शेवटच्या तिन्हींवरून नेमके टपालघर. कोलकात्याच्या कारकुनाला जेसल पार्क कोठे आहे हे ठाऊक असण्याची काहीच गरज नाही. तो ४ पाहतो आणि पत्र पश्चिमेच्या थैलीत टाकतो. पुढचा माणूस पुढचा आकडा पाहतो. साऱ्या देशाची यादी कोणा एकाच्या डोक्यावर नाही. प्रत्येकाजवळ एक लहानसा तक्ता, आणि त्या तक्त्यात पुढच्या तक्त्याचा पत्ता. ही युक्ती ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

पत्ता आणि ठिकाण ह्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे कळण्यासाठी आम्हा जेसल पार्ककरांना दूर जावे लागत नाही. आमच्या चौपाटीवर उभे राहिले की समोर वसईची खाडी, डावीउजवीकडे पाहिले तर रेल्वेचा पूल, आणि पैलतीरी वसई तालुका. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि पलीकडची मंडळी एका रात्रीत पालघर जिल्ह्याची झाली. आम्ही अलीकडचे ठाण्यातच राहिलो. पलीकडे कोणाच्या घराची एक वीट हलली नाही, कोणाचा पिनकोड बदलला नाही, पण 'जिल्हा' ह्या रकान्यापुढचे नाव पालटले. घर तेच, पत्ता निराळा!

संगणक ह्याच्या नेमके उलट करतो. तो पत्ता तोच ठेवतो आणि घर हलवतो.

चाळीतल्या खोल्या

संगणकाची स्मृती, जिला आपण सारे मेमरी म्हणतो, ही एक अफाट लांब चाळ आहे असे समजा. प्रत्येक खोलीला क्रमांक, प्रत्येक खोलीत एक अक्षर मावेल एवढीच जागा. मुलांच्या मांडीवरच्या सोळा जीबीच्या संगणकात अशा १७,१७,९८,६९,१८४ खोल्या असतात. खोलीचा क्रमांक हा तिचा खरा पत्ता.

आरंभीच्या काळी संगणकाला काम सांगणारा माणूस हे खरे क्रमांकच वापरी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेल्या आणि पुढे पंडित नेहरूंनी 'टिफ्रॅक' असे नाव दिलेल्या संगणकाच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. तेवढ्यात सारा संसार करावयाचा आणि कोठे काय ठेवले ह्याचा हिशेब आपणच ठेवावयाचा. एका वेळी एकच काम चालू असेल तर हे निभते. दोन कामे एकदम चालवायची म्हटले की भांडण सुरू. दोघांनाही खोली क्रमांक शंभरच हवी!

१९६२ साली इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या 'अ‍ॅटलस' संगणकाने ह्यावर तोड काढली. स्मृतीची त्यांनी ५१२ शब्दांची एकेक अशी 'पाने' पाडली आणि कार्यक्रमाला सांगितले, की बाबा रे, तू तुझ्या मनाने क्रमांक घाल. तुझे पाचवे पान खरोखर कोणत्या जागी आहे ते यंत्र पाहून घेईल. ते पान जवळच्या स्मृतीत नसेल तर फिरत्या पिंपावरून उचलून आणील. तुला त्याची चौकशी नको. कार्यक्रमाला वाटते की सारी चाळ आपलीच आहे. म्हणून हिचे नाव आभासी स्मृती.

आज तर एकाच संगणकात शेकडो कामे एकदम चालतात, आणि प्रत्येकाला वाटते की आपण एकटेच आहोत. दोघेही 'खोली क्रमांक शंभर' म्हणतात. पहिल्याची शंभर एका टोकाला उघडते, दुसऱ्याची दुसऱ्या टोकाला. ह्या ठिकाणी मला पुन्हा वेलणकरांची आठवण होते. त्यांनी एक विलोमकाव्य रचले. त्याचे श्लोक सरळ वाचले तर रामाची स्तुती, आणि तीच अक्षरे उलट वाचली तर कृष्णाची! अक्षरे तीच, वाचण्याचा नियम निराळा, आणि दर्शन निराळ्या देवाचे. संगणकात पत्ता तोच, तक्ता निराळा, आणि घर निराळे. पिनकोडाच्या कर्त्याच्या हातून असे काव्य व्हावे ह्यात मला मोठे औचित्य वाटते.

बदामाचा गर

हे तक्ते सांभाळणारा कोण? संगणकाच्या साऱ्या कारभाराच्या मध्यभागी एक कार्यक्रम बसलेला असतो. त्याला 'कर्नेल' म्हणतात. कर्नेल म्हणजे गर. कवचाच्या आतला बदाम. बाकीच्या कार्यक्रमांना तक्त्यांना हात लावण्याची मुभा नसते. ती फक्त ह्या गराला.

तक्ता वाचण्याची रीत थेट पिनकोडासारखी आहे. आजच्या बहुतेक संगणकांत पान ४०९६ खोल्यांचे असते. पत्त्याच्या ४८ अंकांचे (हे अंक शून्य किंवा एक एवढेच) पाच तुकडे करतात. पहिले चार तुकडे नऊ-नऊ अंकांचे. पहिला तुकडा ५१२ ओळींच्या पहिल्या तक्त्यात पाहावयाचा. तेथे दुसऱ्या तक्त्याचा पत्ता मिळतो. मग दुसरा, तिसरा, चौथा. चौथ्या तक्त्यात खरे पान सापडते, आणि उरलेल्या १२ अंकांवरून पानातली नेमकी खोली. विभाग, उपविभाग, जिल्हा, टपालघर, आणि मग गल्लीतले घर!

दर वेळी चार तक्ते चाळत बसले तर दिवस मावळेल. म्हणून यंत्राजवळ नुकत्याच शोधलेल्या पत्त्यांची एक चिमुकली टिपणवही असते. मुरलेल्या पोस्टमनला रोजची घरे तोंडपाठ असतात, पाटी वाचावी लागत नाही, तसेच हे.

पाहुण्यांचा प्रश्न

इथवर सारे सुरळीत आहे. अडचण सुरू होते ती बाहेरून येणाऱ्यांमुळे. संगणकाला तबकड्या, जाळ्याशी जोडणारी कार्डे, कॅमेरे अशी नाना उपकरणे जोडलेली असतात. त्यांनी आणलेला माल प्रत्येक वेळी मुख्य प्रक्रियायंत्राने हातात घेऊन खोलीत नेऊन ठेवला तर त्याला दुसरे काम करता यावयाचे नाही. म्हणून उपकरणांना परवानगी असते की त्यांनी स्वतःच स्मृतीत जाऊन माल ठेवावा किंवा उचलावा. कर्नेल फक्त सांगतो, अमुक क्रमांकाच्या खोलीत ठेव.

हा क्रमांक कोणता? आभासी पत्ता सांगून उपयोग नाही, कारण तक्ते वाचणारे यंत्र प्रक्रियायंत्राच्या पोटात. उपकरण त्याच्या बाहेर. म्हणून पूर्वी उपकरणाच्या हाती सरळ खरा पत्ता देत. आणि खरा पत्ता हाती आलेल्याला शेजारच्या खोलीत शिरण्यापासून अडवणारे कोणीच नसे. उपकरण बिघडले, किंवा कोणी मुद्दाम खोडसाळ बनवले, तर साऱ्या चाळीत त्याला मोकळे रान. २००६ च्या सुमारास इंटेल आणि एएमडी ह्या दोन कंपन्यांनी आपल्या साध्या संगणकांसाठी ह्यावर तोडगा आखला. उपकरणांच्या वाटेवरच एक वेगळा भाषांतरकार बसवावयाचा. त्याला 'आयओएमएमयू' म्हणतात. प्रत्येक उपकरणासाठी कर्नेल त्याच्याजवळ स्वतंत्र तक्ता ठेवतो. तक्त्यात नसलेला पत्ता उपकरणाने सांगितला की हा दारातच अडवतो.

द्वारपाल नेमला म्हणजे आपण सुखाने झोपावे असेही नाही. तो जागा आहे की नाही हे पाहावे लागते. २०१९ साली केंब्रिज आणि राइस ह्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवून दिले की बाहेरून जोडलेले एखादे लबाड उपकरण संगणकाची स्मृती वाचू शकते. कोठे द्वारपालाला कामालाच लावलेले नव्हते, कोठे त्याला जरुरीपेक्षा मोठा तक्ता दिलेला होता.

भाडेकरूचे पोटभाडेकरू

आता मूळ मुद्द्याकडे वळू. माझा भाचा ऐरोलीच्या एका संगणककेंद्रात नोकरीस आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जेथे एके काळी कारखान्यांची धुराडी दिसत, तेथे आता अशी केंद्रे उभी आहेत. अ‍ॅमेझॉननेही २०१६ च्या जूनमध्ये आपला मुंबई विभाग उघडला. ह्या केंद्रांत संगणक भाड्याने मिळतात. पण भाड्याने मिळणारा संगणक बहुधा खरा नसतो, तोही आभासीच. एका मोठ्या यंत्रात अशी अनेक आभासी यंत्रे राहतात. एकात एखाद्या पतपेढीचे हिशेब, शेजारच्यात मिठाईच्या दुकानाची मागणी, पलीकडच्यात एखाद्या रुग्णालयाचे अहवाल. एकमेकांचे तोंड न पाहणारे बिऱ्हाडकरू!

"मामा," भाचा एकदा मला म्हणाला, "आमच्याकडचा प्रत्येक पाहुणा स्वतःला घरमालक समजतो."

"अरे, ते तर आमच्या इमारतीतही आहे," मी म्हणालो.

"तसे नव्हे हो. त्याचा स्वतःचा कर्नेल असतो. तो स्वतःचे तक्ते करतो आणि आपल्याजवळचे क्रमांक खरेच आहेत असे समजतो. पण त्याचे 'खरे' क्रमांकही आमच्या लेखी आभासीच. आम्ही त्यांचे पुन्हा भाषांतर करतो."

भाषांतराचे भाषांतर! बंगालीवरून हिंदीत आणि हिंदीवरून मराठीत आलेल्या कादंबरीचे काय होते ते मी वर्गात शिकवतो. येथे अर्थ ढळत नाही, पण वेळ फार लागतो. पाहुण्याचे चार तक्ते, त्यांतल्या प्रत्येकाचा पत्ता पुन्हा मालकाच्या चार तक्त्यांतून शोधावयाचा. टिपणवहीत उत्तर नसेल तर एका पत्त्यासाठी स्मृतीत २४ वेळा डोकवावे लागते. २००७-०८ च्या सुमारास हे काम करणारी सोय प्रक्रियायंत्रांतच आली म्हणून बरे.

आता ह्या आभासी यंत्राला उपकरणे कोठली? तीही आभासीच. खोटी तबकडी, खोटे कार्ड. पाहुणा त्यांना काम सांगतो आणि पडद्यामागे घरमालकाचा कार्यक्रम ते पार पाडतो. ह्या सोंगासाठी रस्टी रसेल ह्या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने २००७-०८ मध्ये 'व्हर्टिओ' नावाची एक सुटसुटीत रीत घालून दिली. खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल करण्यात वेळ दवडावयाचा नाही. दोघांमध्ये एक सामाईक पाटी ठेवावयाची. पाहुण्याने पाटीवर लिहावयाचे, 'अमुक क्रमांकाच्या खोलीत, इतका माल आहे, तो धाडा.' मालकाने वाचून धाडावयाचा.

आणि येथे पुन्हा तोच प्रश्न, पाटीवर पत्ता कोणता लिहावयाचा? व्हर्टिओने उत्तर दिले की पाहुण्याला जो क्रमांक खरा वाटतो तोच लिहा. मधला द्वारपाल नको. हे उत्तर त्या वेळी शहाणपणाचे होते. उपकरण म्हणजे अखेर घरमालकच. पाहुण्याच्या साऱ्या खोल्या त्याच्याच मालकीच्या, किल्ल्या त्याच्याच कमरेला. त्याच्यापासून लपवावयाचे काय? उगाच दारात नोंदवही ठेवून वेळ कशाला घालवा?

दूधवाल्याची गोष्ट

ह्या उत्तरात पुढे काय बिघडले ते समजण्यासाठी आमच्या इमारतीतली एक हकीकत उपयोगी पडेल.

आमच्याकडे वीस वर्षे एकच भय्या दूध घालीत असे. फाटकावर येणाऱ्या प्रत्येकाचे नाव वहीत लिहावयाचे असा सोसायटीचा नियम, पण त्याला तो लागू नव्हता. त्याने कोणाची किल्ली सांभाळली होती, कोणाच्या पोराला शाळेच्या गाडीपर्यंत पोचवले होते. 'दूऽध' अशी हाक ऐकली की पहारेकरी मान वर न करता फाटक उघडी. पुढे तो थकला आणि गावी गेला. आता दूध येते ते फोनवरून मागवलेले. रोज नवा मुलगा, रोज नवा चेहरा. पण पिशवी तशीच आणि हाकही तीच. पहारेकऱ्याची सवयही तीच! एके सकाळी असा एक मुलगा गच्चीवर सापडला. बिचाऱ्याच्या फोनला खाली रेंज मिळत नव्हती म्हणून तो वर गेला होता. त्याचा हेतू निर्मळ होता, पण आमची सर्वसाधारण सभा त्या महिन्यात तीन तास चालली.

भय्याला दिलेली सवलत 'दूध' ह्या शब्दाला चिकटून राहिली होती. शब्द तोच राहिला आणि त्यामागचा माणूस बदलला.

व्हर्टिओचे नेमके असेच झाले. रीत इतकी सोपी होती की काही कंपन्यांनी खरीखुरी कार्डेच व्हर्टिओची भाषा बोलणारी बनवली. कर्नेलला वाटावयाचे की हा आपला नेहमीचा घरमालक. त्याच्या हाती तो कच्चा पत्ता द्यावयाचा. कार्ड तो पत्ता घेऊन खऱ्या यंत्राच्या दारी गेले की तेथला द्वारपाल म्हणावयाचा, हा पत्ता माझ्या तक्त्यात नाही. काम ठप्प!

दुसरा बदल ह्याहून खोल होता. काही पाहुण्यांना आता घरमालकावरच विश्वास टाकावयाचा नव्हता. विचार करा, रुग्णालयाचे अहवाल भाड्याच्या यंत्रात ठेवले आणि त्या यंत्राच्या मालकाला ते केव्हाही वाचता येतात, हे कोणाला रुचेल? म्हणून एएमडीने २०१७ पासून आपल्या मोठ्या प्रक्रियायंत्रांत अशी सोय दिली की पाहुण्याची स्मृती गुप्त लिपीतच ठेवली जाते. त्या लिपीची किल्ली यंत्राच्या पोटात. घरमालकाने खोलीत डोकावले तरी त्याला दिसते ती निव्वळ अक्षरांची खिचडी. पण मग आभासी उपकरणाचे काय? ते तर घरमालकच! पाटीवर लिहिलेल्या खोलीत तो गेला तर त्यालाही खिचडीच मिळणार.

ह्यावरचा उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी म्हणजे उपकरणाने आपण कोण आहोत ते न लपवता सांगणे. व्हर्टिओच्या नियमांत ३३ क्रमांकाची एक खूण ठरली. लिनक्सच्या कर्नेलमध्ये ती २०१६ साली आली. ही खूण दाखवणारे उपकरण म्हणते, 'मला घरच्यासारखे समजू नका. इतर उपकरणांना जो नियम तोच मला. पत्ता द्यावयाचा तो भाषांतर करूनच द्या.' ही खूण न ओळखणाऱ्या पाहुण्याचे काम करण्यास उपकरण नकार देऊ शकते.

दुसरी पायरी म्हणजे फाटकाजवळचे टेबल. गुप्त लिपीतल्या पाहुण्याचा कर्नेल थोडी स्मृती उघडी ठेवतो. बाहेर धाडावयाचा माल तो आतल्या खोलीतून उचलून आधी ह्या उघड्या जागेत आणतो आणि पाटीवर त्या जागेचा पत्ता लिहितो. येणारा मालही तेथेच उतरतो. मग कर्नेल तो आत नेतो. आतल्या खोलीचा पत्ता उपकरणाला कधी कळतच नाही. आता टेबलावरचा माल तर येणारा-जाणारा पाहू शकतो. म्हणून त्यातला जो नाजूक असेल तो पाकीटबंद, म्हणजे पुन्हा गुप्त लिपीतच, ठेवावा लागतो.

आमच्या सभेनेही, संगणकातले काही ठाऊक नसताना, हाच ठराव केला. फाटकाजवळ एक टेबल मांडले. दूध, भाजी, औषधे, सारे तेथे उतरावयाचे. पहारेकरी नोंद करतो. दूध म्हणून कोणाला वेगळी वाट नाही.

ह्याचे मोल

ठराव एकमताने झाला असे मात्र नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी उभे राहून विचारले, "माझ्या गुडघ्यांचे काय? उद्वाहन बंद पडले तर मी दुधासाठी खाली येऊ?" सभा गप्प झाली. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सुरक्षितपणा सगळ्यांना मिळतो, पण त्याचे पायऱ्यांचे भाडे कोणी एकजण भरतो. अखेर असे ठरले की ज्यांना खाली येणे होत नाही त्यांच्याकडे पहारेकऱ्याच्या जोडीदाराने वर नेऊन द्यावे. दहा मिनिटे उशीर होतो. त्या जोडीदाराचा पगार सर्वांच्या वर्गणीतून जातो.

कर्नेलचे अभियंतेही ह्याच आजींना उत्तर देत बसलेले असतात. माल दोनदा उचलावा लागतो. खोलीतून टेबलावर, टेबलावरून बाहेर. प्रत्येक भाषांतराला वेळ, प्रत्येक नोंदीला वेळ. ज्याला क्षणात हजारो मागण्या पुरवावयाच्या आहेत त्याला हा वेळ डोळ्यांत खुपतो, आणि कच्चा पत्ता देऊन मोकळे होण्याचा मोह पडतो. म्हणून सरसकट एक नियम त्यांनी केला नाही. जेथे घरमालक आणि पाहुणा एकमेकांवर विसंबून आहेत तेथे जुनी सोपी रीत आजही चालते. जेथे तसे नाही तेथे ३३ व्या खुणेचा आग्रह. कोणती रीत कोठे, हे ठरवणे मात्र अंदाजावर सोडलेले नाही. उपकरणाने ते उघड सांगावयाचे आणि कर्नेलने विचारून घ्यावयाचे. नेहमीच्या हाकेवर फाटक उघडण्याचे दिवस संपले.

मला ह्यात सर्वांत विचार करण्याजोगे वाटले ते हे, की एवढा सारा खटाटोप करूनही विश्वास टाकण्याची गरज काही संपत नाही. घरमालकावर विश्वास नको म्हणून पाहुण्याने खोलीला गुप्त लिपीचे कुलूप लावले. पण त्या कुलपाची किल्ली ज्या यंत्रात आहे ते यंत्र बनवणाऱ्या कारखान्यावर त्याला विश्वास टाकावाच लागला. आम्ही रोजच्या नव्या मुलांना फाटकावर थांबवले, पण टेबलावरच्या आजींच्या औषधांची पुडी पहारेकऱ्याच्या हाती सोपवलीच. विश्वास कोठे ना कोठे राहावयास जातोच. त्याचा खरा पत्ता ठाऊक असावा, आणि तो बदलला तर आपल्याला कळावे, एवढे मात्र आपण मागू शकतो. बँक, रुग्णालय, शाळा जेव्हा सांगतात की तुमची सारी माहिती आता 'क्लाउड'वर आहे, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही आणि मान डोलावून गप्प बसण्याचेही नाही. कोणाच्या यंत्रात आहे, शेजारी कोण आहे, आणि घरमालकाला ती वाचता येते का, हे तीन प्रश्न कोणत्याही गृहिणीने विचारावेत इतके साधे आहेत. पेइंग गेस्ट ठेवताना आणि खोली भाड्याने घेताना आपण हेच तर विचारीत आलो!